दहा गुणांचा कंदीलमासा

डबी उजवीकडे कलती केली की आतलं कार्ड सरकायचं. फार नाही, केसभर. डावीकडे कलती केली की मुकाट्याने परत यायचं. कानाशी धरून हलवली तर बारीकशी टकटकही ऐकू यायची. पण त्यासाठी पंखा बंद असावा लागे आणि ढब्बूची बडबडही. या दोन्ही गोष्टी एकदम बंद असण्याचा योग त्या दुकानात क्वचितच यायचा. ताईला तो एकदा आला. त्यानंतर तिने ती डबी पुन्हा कानाशी म्हणून धरली नाही.

डबीत कंदीलमासा होता, म्हणजे त्याचं चित्र असलेलं कार्ड. ताईच्या लहानपणी च्युइंगगमच्या पाकिटात खोल समुद्रातल्या प्राण्यांची दोन-दोन कार्डं यायची. गम बघता बघता रबरासारखं व्हायचं. कार्डं मात्र लोकांनी जन्मभर सांभाळली. काळंशार पाणी, त्यात हा मासा, तोंडभर सुयांसारखे दात आणि कपाळातून निघालेल्या काडीच्या टोकाला हिरवट दिवा. त्या दिव्यापायी ताई विज्ञानाकडे वळली, असं ढब्बू गिऱ्हाइकांना सांगायचा. ते खोटं होतं. तिला गणितात बरे मार्क पडायचे म्हणून ती वळली. पण गिऱ्हाइकांना गोष्ट आवडते आणि ढब्बूला गिऱ्हाइकं आवडतात.

ढब्बू तिचा धाकटा भाऊ. लहानपणी गोलमटोल होता तेव्हाचं हे नाव. आता वाऱ्याने उडेल असा काटकुळा झाला, पण नाव चिकटलं ते चिकटलं. कुलपं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान आणि लाँड्री यांच्या मधल्या चिंचोळ्या गाळ्यात त्याने कार्डांचं दुकान थाटलं होतं. पुढे काउंटर, भिंतीला काचेचं कपाट, मागे एक लांब टेबल. त्या टेबलाभोवती सुट्टीच्या दिवशी कार्डं जमवणारी मंडळी जमायची आणि लग्न जुळवायला बसल्यासारखी एकमेकांच्या कार्डांच्या खोड्या काढायची.

खोड्यांवर शेवटचा शब्द मात्र कंपनीचा. कार्ड कंपनीकडे पाठवायचं. तिथले तज्ज्ञ त्याचे कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि छपाई तपासतात, एक ते दहापैकी गुण देतात आणि कार्ड कडक पारदर्शक डबीत कायमचं बंद करून टाकतात. डबीच्या माथ्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर आकडा. डबी उघडत नाही, फोडावी लागते. आणि फोडली की आकडा गेला. नऊ आणि दहा यांत फरक काय, असं कुणी विचारलं तर मंडळी त्याच्याकडे दयेने बघायची. नऊ म्हणजे चांगलं कार्ड. दहा म्हणजे ज्याच्यापुढे सगळे आवाज खाली येतात असं कार्ड.

कंदीलमाशाला दहा मिळाले होते. समुद्राच्या त्या मालिकेत दहा मिळवणारं ते एकच कार्ड. कंपनीने आपल्या जाहिरातीत त्याचा फोटो छापला, आणि मग ढब्बूला गावातलं अधिकृत केंद्र दिलं. आता लोकांनी त्याच्याकडे कार्डं आणून द्यायची आणि कंपनीच्या माणसाने येऊन घेऊन जायची. डबी काचेच्या कपाटात मधोमध, खाली छोटा दिवा. माशाच्या कपाळीही दिवा आणि पायाशीही दिवा. कार्ड ताईचं, पण दुकान त्याच्यावर चाललं होतं.

ताईची नोकरी मोजमापाची साधनं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत. लोकांचे वजनकाटे, मोजपट्ट्या, तापमापक खरं बोलतात की नाही ते बघायचं आणि खोटं बोलणाऱ्यावर शिक्का मारायचा. तिथला पहिला नियम असा की मोजल्याशिवाय बोलायचं नाही. सुट्टीच्या दिवशी ती ढब्बूच्या मागच्या टेबलावर दिवा आणि भिंग घेऊन बसायची आणि कुठलं कार्ड कंपनीकडे पाठवण्याजोगं आहे ते लोकांना सांगायची. ती फार बोलत नसे. म्हणूनच तिच्या शब्दाला वजन होतं.

आता ते केसभर सरकणं. डबीच्या आत कार्डासाठी एक खाच असते, आणि नियमाच्या रुंदीचं कार्ड त्या खाचेत दाढेसारखं घट्ट बसतं. कार्ड सरकत असेल तर एक तर खाच मोठी असणार, नाही तर कार्ड अरुंद. ताईने कपाटातल्या बाकीच्या सगळ्या डब्या एकेक करून कलत्या करून पाहिल्या होत्या. एकही कार्ड हललं नाही. मग उरलं काय, ते सांगायला प्रयोगशाळा लागत नाही.

तिने ते कुणाला सांगितलं नाही. डबीतून मोजता येत नाही आणि मोजल्याशिवाय बोलायचं नाही. नियम हाताशी होता.

तो हाताशी असलेला नियम ड्रायव्हरकाकांच्या वेळी मात्र गळ्याशी आला.

काका पूर्वी बस चालवायचे. ताई शाळेला त्यांच्याच बसने जायची, पुढच्या दाराजवळच्या खिडकीत बसून. म्हणून अजूनही ते तिला ‘खिडकी’च म्हणत. शेवटच्या थांब्यावरच्या टपरीवर ते गमचं पाकीट घ्यायचे, गम कंडक्टरच्या हातावर ठेवायचे आणि कार्डं खिशात घालायचे. एका दुपारी त्यांनी नवं पाकीट फोडलं, दोन्ही कार्डं स्टिअरिंगवर उघडी धरली आणि म्हणाले, “खिडकी, एक तुझं, एक माझं. बोल.” एक होता कंदीलमासा, दुसरा अष्टपाद. तिने दिव्यावर बोट ठेवलं. अष्टपाद काकांच्या खिशात गेला.

एवढीच गोष्ट. बोट दोन इंच डावीकडे पडलं असतं तर सगळं उलटं झालं असतं.

काकांनी अष्टपाद कंपनीकडे पाठवला तो ताईच्या दहाकडे बघून. पाठवण्याआधी तिने तो भिंगाखाली नीट पाहिला होता. कोपरे टोकदार, कडा जुन्या, चहूकडून सारख्याच पिवळ्या. “पाठवा,” ती म्हणाली होती. कार्ड परत आलं ते डबीत नव्हे, पातळ पिशवीत. वर चिठ्ठी होती: कड कापलेली, दर्जा देता येत नाही.

ज्यांना हे जग ठाऊक नाही त्यांना वाटेल, बरं, नाही मिळाला दर्जा, कपाळाला काय भोक पडलं? पण कार्डं जमवणाऱ्यांत यासारखी दुसरी शिवी नाही. झिजलेली कड कापून कोरी करायची आणि नवं म्हणून खपवायचं, ही चोरी. चिठ्ठीने काकांना चोर म्हटलं होतं. फक्त छापील अक्षरांत, म्हणून सभ्य वाटत होतं.

मंडळींमधल्या शिंप्याने तिथल्या तिथे नाव ठेवलं, ‘कात्रीकाका’.

“काका, कडा माझ्याकडे आणायच्या होत्यात. आतून दुमडून शिवून दिल्या असत्या, कंपनीच्या बापाला कळलं नसतं.”

“तू शिवलेली पँट माझ्या गुडघ्यापाशीच संपते,” काका म्हणाले. “कडेपर्यंत तू कधी पोचणार?”

सगळे हसले. काकाही हसले. चहाचा कप उचलायला त्यांनी दोन्ही हात लावले. त्यांच्या हातांना कंप होता, बस चालवणं सुटलं ते त्यामुळेच. कप ओठांपर्यंत जाईतो बशीत तळं झालं. मग त्यांनी ती चिठ्ठी सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली.

“हे बघा. या हातांनी मी सरळ रेघेत कापलंय, असं कंपनी लिहून देते. पुढच्या वेळी डॉक्टरला दाखवणार आहे. म्हणतो, औषध बंद करा, मी बरा झालो.”

त्या हशातच त्यांनी ताईकडे पाहिलं. “काय गं खिडकी? तू तर भिंगाखाली पाहिलं होतंस. कापलेलं होतं का?”

काउंटरमागे ढब्बूचा हात गल्ल्यावर थांबला.

“मोजल्याशिवाय कसं सांगू, काका,” ताई म्हणाली.

काकांनी मान हलवली. “बरोबर आहे. मोजल्याशिवाय बोलू नये.” आणि त्यांनी कार्ड वरच्या खिशात ठेवलं. त्या मान हलवण्यात राग असता तर तिला झोप लागली असती.

त्यानंतर काका यायचे, पण कार्डांची पेटी आणायचे नाहीत. खिशात तो एकच अष्टपाद. दर वर्षी भरणाऱ्या कार्डांच्या प्रदर्शनात दाराजवळचं पहिलं टेबल त्यांचं असायचं. नव्या माणसाला पहिलं कार्ड त्यांच्या हातून मिळायचं. या वर्षी ते टेबल कुणाला द्यायचं याची मंडळींत कुजबुज सुरू झाली. काकांच्या देखत कुणी बोलत नव्हतं, एवढी लाज शिल्लक होती.

ताईने काकांकडून कार्ड मागून घेतलं आणि प्रयोगशाळेत नेऊन मोजलं. अष्टपाद खरोखरच अरुंद होता. केसभर.

तिने कड सूक्ष्मदर्शकाखाली धरली. पातं नुकतंच फिरलेलं असतं तिथे कागदाचे तंतू गोरे दिसतात, ताज्या जखमेसारखे. इथे चारही कडांचा रंग एकच होता, सारखाच जुना. ही कड कुणी कापली असलीच तर छापखान्याने, कार्ड जन्माला आलं त्या दिवशी. मोठ्या कागदावर कार्डांच्या रांगा छापतात आणि थप्पी लावून कापतात. पातं जरा कललेलं असलं की कडेची रांग अंग चोरते. मग तिने कार्ड उलटं केलं आणि तिला एक निळी रेघ दिसली. छपाईत राहून गेलेला शाईचा ओरखडा, दोऱ्यासारखा, वरच्या कडेपाशी सुरू होऊन खाली विरणारा. आरंभ नसलेली रेघ.

दुसऱ्या दिवशी तिने काचेच्या कपाटातली डबी काढून उलटी धरली. कंदीलमाशाच्या पाठीवर तसाच निळा दोरा उतरत येत होता आणि खालच्या कडेपाशी, बरोबर त्याच जागी, कापला गेला होता. दोन्ही कार्डं एका कागदावर एकाखाली एक छापलेली. एकच रांग, एकच पातं. एकाला दहा गुण, दुसऱ्याला चोरीचा आळ.

तिने कंपनीला सगळं सविस्तर कळवलं, फोटोंसकट. उत्तर आलं की तज्ज्ञांचा निर्णय अंतिम असतो आणि आमच्या सेवेबद्दल आपलं मत पाच चांदण्यांपैकी किती ते सांगावं.

“रेघ वगैरे ठीक आहे गं,” ढब्बू म्हणाला. दुकानात दोघंच होते. “पण रेघेवरून रुंदी सिद्ध होते का?”

“नाही. त्यासाठी कंदीलमासा मोजावा लागेल.”

“डबीत?”

“डबीबाहेर.”

ढब्बू स्टुलावर बसला. “ताई, त्या डबीवर हे दुकान उभं आहे. तू ती फोडणार आणि मी काय, लाँड्रीत इस्त्री करणार? त्या एका दहामुळे लोक विश्वास ठेवतात.”

“कशावर?”

“दहावर!” तो ओरडला, आणि मग स्वतःच खजील झाला. “हे बघ, काका मलाही प्यारे आहेत. पण तू फोडलीस तरी कंपनी म्हणेल, बाहेर काढल्यावर हिनेच कापलं. मग एकाच्या जागी दोन कात्र्या होतील, घरातल्या घरात. थोडं थांब ना.”

“बघू,” ताई म्हणाली.

काकांना तिने रेघ दाखवली तेव्हा ते बराच वेळ दोन्ही पाठी शेजारी ठेवून बघत राहिले. “म्हणजे भावंडंच ही,” ते म्हणाले. मग डबी दोन्ही हातांनी, जपून, परत दिली. “राहू दे, खिडकी. फोडून काय मिळणार? तुझा दहा जाईल आणि माझी कात्री राहील. दोघांतला एक तरी सुखात आहे.”

हे ऐकून मोकळं वाटायला हवं होतं. ताई घरी येऊन जेवली नाही.

“काय झालं?” आई भाजी निवडत होती. आईच्या मते ही सगळी पुठ्ठ्याची पिसं होती आणि आपली दोन्ही मुलं त्यात वाहवली होती. तरी तिने सगळं ऐकून घेतलं.

“काका स्वतःच म्हणाले राहू दे,” ताईने शेवटी सांगितलं.

“ते म्हणणारच. भला माणूस दुसरं काय म्हणेल?” आईने एक किडकं पान बाजूला टाकलं. “देणारा ‘राहू दे’ म्हणतो. ते ऐकून गप्प बसायचं की नाही हे घेणाऱ्याने ठरवायचं असतं. इतकी वर्षं गावाचे काटे तपासतेस. घरचा काटा कधी तपासणार?”

“आई, ते एवढं सोपं नाही.”

“सोपं आहे असं कुठे म्हटलं? जेव.”

तरी ताई ‘बघू’वरच राहिली. त्या घरात ‘बघू’ला फार मोठं पोट होतं. ढब्बूचं लग्न, छताची गळती, आईचा डोळा, सगळं त्यात मावून गेलं होतं.

मग कार्डं गोळा करण्याचा दिवस आला.

कंपनीचा माणूस सकाळीच हजर झाला. कोवळा, गुळगुळीत दाढी, पांढरे हातमोजे. बोलणं इतकं नम्र की त्याला नाही म्हणणं म्हणजे लहान मुलाच्या हातातला फुगा फोडणं. दारापासून लाँड्रीपर्यंत रांग लागली. कुणी बुटांच्या खोक्यातून कार्डं आणली होती, कुणी औषधांच्या डब्यातून. एका बाईंच्या कार्डाचा कोपरा कुत्र्याने चावला होता आणि त्याला किती गुण मिळतील असं त्या खरोखर गंभीरपणे विचारत होत्या. मागच्या टेबलावर ताई, भिंग, दिवा. लोक तिच्याकडे येत, ती बघे, ‘पाठवा’ किंवा ‘नको’ म्हणे, आणि तिचा शब्द झाला की लोक निमूटपणे पुढे सरकत.

काका रांगेत नव्हते. ते नेहमीसारखे दाराजवळच्या स्टुलावर बसले होते, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत.

कंपनीच्या माणसाने ढब्बूला जवळ बोलावलं. आवाज हळू ठेवला, पण गाळा चिंचोळा होता.

“सर, एक छोटी विनंती. ज्यांच्या कार्डाबद्दल आमच्याकडे तशी नोंद झाली आहे, ते अधिकृत केंद्रात बसलेले बरं दिसत नाही. आणि प्रदर्शनात यंदा आमचंही टेबल आहे. दाराजवळचं. तेव्हा त्यांना तुम्हीच सांगितलंत तर बरं.”

ढब्बूने काकांकडे पाहिलं. मग जमिनीकडे. मग पुन्हा काकांकडे. “काका,” तो म्हणाला, आणि हातातल्या कपाटाच्या किल्ल्या चाळवत राहिला.

शिंप्याने मदत केली. “उठा कात्रीकाका, साहेबांची गैरसोय होतेय.”

या वेळी कुणी हसलं नाही. काका मात्र उठले. स्टूल भिंतीला सरकवलं, शर्ट नीट केला. “अरे ढब्बू, एवढं अवघडतोस काय? शेवटचा थांबा आला की उतरायचंच असतं.” खिशातला अष्टपाद काढून त्यांनी काउंटरवर ठेवला. “हा इथेच ठेव. घरी नेऊन तरी काय करू? रोज मला बघतो आणि आठही हात वर करतो.”

पिशवी काउंटरवर ठेवताना ती त्यांच्या बोटांतून सुटेना. पिशवी काउंटरच्या काचेवर टकटकली. बारीकशी टकटक.

ताई टेबलामागून उठली. रांगेतला माणूस कार्ड पुढे धरून तसाच उभा राहिला. “ताई, हे पाठवू का?”

“थांबा,” ती म्हणाली. आणि कंपनीच्या माणसाकडे वळली. “हे कार्ड तुम्ही कशावरून कापलेलं ठरवलंत?”

“मॅडम, रुंदी कमी आहे. यंत्रावर मोजलंय.”

“मीही मोजलंय. तुमचं माप बरोबर आहे.”

काकांनी चमकून वर पाहिलं. शिंपी मान डोलवायला लागला.

“आता मला सांगा,” ताई पुढे म्हणाली, “कपाटातला कंदीलमासा तुम्ही मोजला होता का?”

“त्याला दहा मिळालेत, मॅडम.”

“ते मला दिसतंय. मोजला होता का?”

“दहाचं कार्ड मोजायचं कारण नसतं.”

“का?”

“कारण,” तो माणूस अडखळला, “कारण ते दहाचं आहे.”

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. कुत्र्याने चावलेल्या कार्डाच्या बाई पुढे सरकल्या; त्यांना आता घरी जायची मुळीच घाई नव्हती.

“ही दोन्ही कार्डं एका कागदावरची आहेत,” ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. प्रयोगशाळेत खोट्या काट्यावर शिक्का मारताना ती जशी बोलायची तशीच बोलत होती. “पाठीमागची शाईची रेघ एकाच्या खाली तुटते आणि दुसऱ्याच्या वर सुरू होते. कंदीलमासा डबीत सरकतो. डबी कलती करून बघा. हे मला डबी आली त्या दिवसापासून माहीत आहे. मोजल्याशिवाय बोलायचं नाही असं मी सगळ्यांना सांगत आले, आणि मोजायचं मात्र टाळत आले.”

कपाटाला कुलूप होतं, म्हणून माणसाला डबी कलती करून बघता आली नाही. पण त्याने हात पुढे केलाही नव्हता.

“मॅडम, मी तुमच्या भावना समजू शकतो. पण डबीबाहेर काढलेलं कार्ड आम्ही ग्राह्य धरत नाही. बाहेर काढल्यावर कुणी कापलं नाही, हे कशावरून?”

“घरी काढलं असतं तर हे विचारलंत ते बरोबरच होतं.” ताईने आपल्या खांद्यावरच्या पिशवीतून केसभर अंतरही मोजणारा व्हर्नियर काढला. रोज तो प्रयोगशाळेत असायचा. आज सकाळी तिने तो पिशवीत का टाकला, हे तिने स्वतःलाही विचारलं नव्हतं. “इथे तुम्ही आहात. ही रांग आहे. माझे हात दिसतायत. कात्री फक्त यांच्याकडे आहे.” तिने शिंप्याकडे बोट केलं. “ती त्यांनी खिशातच ठेवावी.”

या वेळी रांग मोकळेपणी हसली. शिंप्याने दोन्ही हात वर केले. मग तो नकळत पुढे सरकला. त्यालाही आता बघायचं होतं.

“तुमच्या कार्डाचा दर्जा कायमचा जाईल,” कंपनीचा माणूस म्हणाला. त्याच्या आवाजातला फुगा आता जरा सैल पडला होता. “केंद्राबद्दलही वर कळवावं लागेल. सर, तुम्ही तरी सांगा यांना.”

सगळे ढब्बूकडे बघायला लागले. त्याच्या हातात कपाटाच्या किल्ल्या होत्या. पंखा फिरत होता. बडबड मात्र, भर गर्दीत पहिल्यांदाच, पूर्ण बंद होती.

“खिडकी,” काका म्हणाले, “माझ्यासाठी नको गं. मी म्हटलं होतं ना, राहू दे.”

“तुम्ही म्हणालात, काका. मी हो म्हटलं नव्हतं.”

“ताई,” ढब्बूने किल्ल्या मुठीत घट्ट धरल्या, “तू बघू म्हणाली होतीस.”

ताईने अष्टपादाची पिशवी उचलली आणि कपाटासमोरच्या काचेवर, दिव्याच्या उजेडात, पाठ वर करून ठेवली. निळ्या रेघेचं सुरू होणारं टोक कपाटाकडे होतं. मग ती भावाकडे वळली.

“बघून झालं,” ती म्हणाली. “कपाट उघड, ढब्बू, आणि शेजारच्या कुलूपवाल्याकडून पक्कड आण. डबी मी फोडतेय.”